रायव्हल कुठून आला, ते तुला सांगणार नाही

हणमंता, तू मेलास हे मला मान्य नाही. दुःखानं म्हणत नाही, रागानं म्हणतोय. भांडण अर्ध्यावर टाकून उठायचं आणि वर फोटोला हार घालून घेऊन भिंतीवर जाऊन बसायचं, ही कुठली रीत? फौजेत असा मोर्चा सोडून पळाला असतास तर गोळी घातली असती तुला.

मागच्या आठवड्यात गावातली चार तरणी पोरं माझ्याकडं आली. "मास्तर, सुभेदारांवर दोन पानं लिवून द्या. तुमी त्यांचे चुलतभाऊ, त्यात इंग्रजीचे मास्तर. शाळेच्या अंकात छापायचंय. जरा चांगलं लिवा." चांगलं म्हणजे काय ते मला कळतं. देशसेवा, मनमिळाऊ स्वभाव, सदा हसतमुख. मेल्या म्हशीला मणभर दूध! लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला हात अडला. तू हसतमुख नव्हतास, आणि मनमिळाऊ तर मुळीच नव्हतास. तेव्हा पोरांना सांगितलंय, मी जे लिहीन तेच छापायचं, नाही तर कोरी पानं सोडा. इंदूवहिनींनाही विचारून घेतलंय. तुझी बायको तुझ्यापेक्षा धीट आहे. म्हणाली, "छापा. खरं हाय ते."

तर खरं असं, की आपली विहीर सामाईक. तुझ्या आणि माझ्या बापानं मिळून खोदलेली, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. मोटर एक, पाइप एक, आणि पाइपला दोन फाटे फुटतात तिथं एक व्हॉल्व्ह. डावीकडं फिरवला की पाणी तुझ्या रानात, उजवीकडं फिरवला की माझ्या. चार दिवस तुझी पाळी, चार दिवस माझी. आणि मोटरच्या पेटीची किल्ली हातातून हातातच द्यायची. दगडावर ठेवायची नाही, पोराबाळाकडं धाडायची नाही. आपल्या बापांचं एकदा ह्यावरून डोकं फुटायची वेळ आली होती, तेव्हा त्यांनीच घातलेला नियम. बोलणं बंद असलं तरी किल्ली हातातच. सगळ्या भावकीला हा नियम हसण्यासारखा वाटतो. वाटू दे. त्यांच्या विहिरींवर कोर्टात दावे चालू आहेत.

आपण सातारला एकाच बोर्डिंगात शिकलो. एका ट्रंकेत दोघांचे कपडे. इंग्रजीत तू पहिला, मी दुसरा, चारही वर्षं. सर फळ्यावर रोज एक शब्द लिहायचे आणि तू हात वर करायच्या आधीच उत्तर ओरडायचास. मला तुझा इतका संताप यायचा, की एकदा मी तुझी वही ट्रंकेखाली दडवली होती. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. घे, सांगितलं. गणितानं तुझा घात केला म्हणून तू फौजेत गेलास, नाही तर इंग्रजीचा मास्तर तू झाला असतास आणि मी बसलो असतो रान नांगरत. मला टायफॉइड झाला तेव्हा स्टँडपर्यंत पाठकुळी घेऊन तूच नेलंस. अर्ध्या वाटेत मी तुझ्या मानेवर ओकलो, तर म्हणालास, "ओक लेका, माझा सदरा तसाबी मळलाच हाय." हे मी विसरलो नाही. विसरलो असतो तर तुझा राग करणं किती सोपं झालं असतं!

आणि पहिल्या सुट्टीला येताना तू मला ती डिक्शनरी आणलीस. छावणीबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली, उशीएवढी जाड, प्रत्येक शब्दाच्या मागं त्याचं कूळ-मूळ दिलेलं. "मास्तर झालास ना, मग ह्ये वाच. शब्दांची भावकी हाय ह्यात." तुझ्या स्वतःकडं काय होतं? खिशात मावणारी, नुसते अर्थ सांगणारी. ही जाड मला दिलीस. पुढं ह्याच पुस्तकातून तुझ्यावर सोडायला मला बाण मिळाला.

आता त्या सालाकडं येतो. दुष्काळाचं साल. तू फौजेतून पेन्शनीवर गावी आलेला. मी साताऱ्याजवळच्या शाळेत नोकरीला, शनिवारी यायचो, सोमवारी जायचो. बाग मंगल बघायची. ती द्राक्षबाग मंगलनं पहिल्या वर्षी कळशीनं पाणी घालून जगवलेली, माझी बायको म्हणून सांगत नाही, सगळ्या शिवारानं बघितलंय. मण्यात पाणी उतरायचे दिवस होते. अशात वाईला मंगलची आई गेली. ती दिवसांना माहेरी राहिली. मला बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली, केंद्र सोडून हलता येईना. पाळी माझी होती. मी किल्ली तुझ्याच हातात ठेवली आणि म्हणालो, "हणमंता, चार दिवस माझ्या बागंला पाणी दे, मी येतोच." तू म्हणालास, "जा रं, मी हाय न्हवं."

चार दिवसांनी आलो. माझ्या बागेतली जमीन भाजल्यासारखी. घड मऊ पडलेले, मणी सुरकुतलेले. आणि बांधाच्या पलीकडं तुझ्या बागेत माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. व्यापारी आला, त्यानं बांधावरूनच बघितलं आणि गाडी वळवली. मंगल वाईहून आली, बागेत शिरली आणि एका वेलीपाशी बसून राहिली. आईला जाळून आली तेव्हा ती एवढी रडली नव्हती. त्या उन्हाळ्यात मी बाग काढून टाकली.

भावकी बसली. तू काय सांगितलंस? "व्हॉल्व्ह आडकला हुता. लाइटबी न्हवती." लाइट नव्हती तर तुझं रान काय तुझ्या घामानं भिजलं? पण ताकास तूर लागू दिली नाहीस. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. तेव्हा मी उभा राहिलो. मास्तर माणूस, शिव्या येत नाहीत अशातला भाग नाही, पण चारचौघांत तोंडाला येईनात. म्हणालो, "ह्या माणसाला इंग्रजीत रायव्हल म्हणतात. हा शब्द कुठून जन्माला आला ते ह्याला कळलं ना, तर विहिरीच्या काठाला उभं राहायची लाज वाटंल ह्याला."

आदल्याच दिवशी रागाच्या भरात तुझ्यासाठी वाईट शब्द शोधत बसलो होतो. तो तुझ्याच डिक्शनरीत सापडला.

तुझं तोंड बघण्यासारखं झालं. शिवी बसली म्हणून नव्हे रे! एक शब्द मला ठाऊक आणि तुला नाही, म्हणून. बैठक मोडली, लोक उठले, तू दारातून परत आलास आणि हळूच विचारलंस, "कुठनं आलाय त्यो?"

मी म्हणालो, "व्हॉल्व्ह कुणी फिरवला ते सांग, मग सांगतो."

झालं. त्यावर आपलं उरलेलं आयुष्य गेलं. मी निवृत्त होऊन गावी येईपर्यंत तू किल्ली देताना मंगलला विचारायचास, "मास्तरनं सांगितला का त्यो शब्द?" मी आल्यावर सुरू झालं आमनेसामने. बारा वर्षं. दर चार दिवसांनी, सकाळी आठला, बूट घालून, ताठ. "ही घे किल्ली. कुठनं आला रायव्हल?" "व्हॉल्व्ह कुणी फिरवला?" "आडकला हुता." "मग शब्दबी आडकलाय." एवढंच बोलणं. सण असो, लग्न असो, बाकी एक अक्षर नाही. तुझ्या प्रकाशच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आणि तुझ्याकडं न बघता जेवून आलो.

मोबाइल आला तेव्हा मला धसका बसला होता. म्हटलं, आता हा विचारून घेणार. पण तू म्हणालास, "मोबाइलला इचारलं तर माझी सुभेदारी गेली म्हणून समज. तुझ्याच तोंडनं ऐकणार." एकदा डिक्शनरी बघायला मागितलीस, मी कपाटाला कुलूप लावलं. तूच विकत घेतलेलं पुस्तक तुझ्यापासूनच कुलपात! मला लय बरं वाटलं होतं त्या दिवशी.

आता हणमंता, तू कान झाक. पुढचं थोडं वाचणाऱ्यांसाठी आहे. तुझ्यासाठी नाही.

तर मंडळी, रायव्हल म्हणजे आज आपण प्रतिस्पर्धी म्हणतो तो. क्रिकेटचे संघ एकमेकांचे रायव्हल, निवडणुकीतले उमेदवार रायव्हल. पण हा शब्द जन्मला शेतात. जुन्या रोमच्या लॅटिन भाषेत ओढ्याला रिव्हस म्हणत, आणि एकाच ओढ्याचं पाणी ज्या दोघांच्या रानाला जातं, ते दोघे एकमेकांचे रिव्हालिस. म्हणजे पाण्याचे भागीदार. त्यांच्या कायद्यात ह्या भागीदारांच्या तंट्यांबद्दल लिहून ठेवावं लागलं, एवढे ते भांडत. पुढं एकाच बाईवर जीव टाकणाऱ्या दोघांनाही तोच शब्द लागला, मग फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला आणि पाणी मागं राहिलं, नुसतं भांडण पुढं गेलं. पुष्कळांना वाटतं की नदीचा रिव्हर आणि हा रायव्हल सख्खी भावंडं. नाहीत. रिव्हर आलाय काठ ह्या अर्थाच्या शब्दावरून. दिसतात मात्र भावासारखे, मला आणि हणमंताला लोक सख्खे समजायचे तसे. आणि गंमत म्हणजे काही शतकांमागच्या इंग्रजीत रायव्हल हा शब्द पहाऱ्यावरच्या जोडीदारालाही वापरलेला सापडतो. फौजी माणसाला हे सांगितलं असतं तर त्यानं विहिरीवरच सलाम ठोकला असता. म्हणूनच नाही सांगितलं.

अजून एक आहे. त्याच रिव्हसच्या घरातला दुसरा शब्द, डिराइव्ह. पोरं गणिताच्या तासाला सूत्र डिराइव्ह करतात, म्हणजे एकातून दुसरं काढतात. मूळ अर्थ, ओढ्यातून पाणी वळवून आपल्याकडं नेणं. ज्या दिवशी हणमंता कबूल होईल त्या दिवशी आधी पहिला शब्द सांगायचा आणि मग हा दुसरा तोंडावर मारायचा, असं मी इतकी वर्षं मनात घोकून ठेवलं होतं.

उघड कान.

त्या दिवशी पाळी बदलायची होती. मी आठला विहिरीवर. तू नाहीस. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. मी काय केलं असेल? शिव्या दिल्या तुला. मोठ्यानं. म्हटलं, "पाणी दाबलंस, आता किल्लीबी दाबून बसलास का रं खोटारड्या?" तेवढ्यात तुझ्या घराकडून वहिनींचा आवाज आला. मी धावलो. तू पायरीवर बसलेला, एक बूट पायात, एक हातात, आणि भिंतीला डोकं टेकलेलं. मी तुला शिव्या देत होतो आणि तू माझ्याकडं यायला बूट घालत मेलास. ह्याबद्दल तुला मी कधी माफ करणार नाही.

खांदा दिला. भावकीची रीत म्हणून दिला. वजनदार होतास.

सावडून आल्यावर इंदूवहिनींनी मला आत बोलावलं. त्या गडबडीत तीन दिवस मोटर बंदच होती. त्यांनी पदराखालून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. हातात, दगडावर नव्हे. म्हणाल्या, "मास्तर, त्या साली पाणी ह्यांनीच वळवलं. मी बघितलं हुतं. मला शपथ घातली हुती, आता ती सुटली."

मी विचारलं, "का?"

"आमचीबी बाग जळाय लागली हुती. ह्ये म्हणले, मास्तरला पगार हाय, त्यो जगंल. मी काय करू?"

पगार हाय! हणमंता, माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मंगलनं कळशीनं वाढवलेली बाग, आणि तुझ्या हिशेबी मला पगार होता! तुला पेन्शन नव्हती का? का फौजेची पेन्शन म्हणजे चिंचोके? आणि मला सर्वांत वाईट ह्याचं वाटलं, की तू मला विचारलं असतंस ना, "मास्तर, माझी बाग जाती, दोन दिवस दे," तर मी दिले असते. शिव्या घालून दिले असते, पण दिले असते. तुला ते ठाऊक होतं. मागायला तुझी मान वाकेना, म्हणून केसानं गळा कापलास.

"मग आजवर बोलला का न्हाई?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "म्हणायचे, कबूल झालो तर मास्तर शब्द सांगंल आन् मग इचारायलाच काय उरणार न्हाई. किल्ली घिऊन गुमान जाईल."

किल्ली घेतली आणि आलो. येताना ठरवलं, ही कबुली मला मान्य नाही. बायकोच्या तोंडून वदवलेली कबुली कुठल्या कोर्टात चालते?

मग दहावा. अग्रणी नदीच्या काठावर सगळी भावकी. पिंड ठेवला, लोक मागं सरले. कावळे बाभळीवर बसलेले, चांगले पाच-सहा. एक खाली येईना. प्रकाश पुढं झाला, "आईला पुण्याला नेतो, काळजी करू नका." कावळा नाही. तुझा मेहुणा म्हणाला, "बागंकडं आमी बघतो." कावळा नाही. ऊन वाढलं. कुणी तरी तुझ्या आवडीची तंबाखूची पुडी ठेवली. तरी नाही. हळूहळू एकेक तोंड माझ्याकडं वळलं. म्हातारे तुकानाना म्हणाले, "मास्तर, तुमी बोला. त्याचं तुमच्याशीच काय तरी आडलंय."

मला ठाऊक होतं तुझं काय अडलंय. ते वाक्य माझ्या ओठावर होतं. दोन पावलं पुढं जाऊन म्हणायचं होतं, "हणमंता, रायव्हल म्हणजे..." आणि पुढचे तीन शब्द. बस. एवढ्यावर तू आला असतास, झडप घालून. सगळ्या गावानं बघितलं असतं.

मी हललो नाही. हाताची घडी घातली आणि बाभळीकडं बघत मनात म्हणालो, बस उपाशी. मंगल बसली होती तशी बस.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. लोक हळहळत उठले. सूड म्हणतात तो हाच. इतकी वर्षं मला वाटायचं, सूड घ्यायची संधी तू मला देणारच नाहीस. दिलीस, आणि मी ती सोडली नाही. घरी येऊन जेवलो. पहिला घास गोड लागला, दुसराही लागला. खोटं कशाला बोलू? मंगल मात्र ताटावरून उठली. तिला कळलं होतं. म्हणाली, "बाग माझी हुती. सूड घ्यायचा तर मी घ्यायचा. तुमाला कुणी सांगितलं?" तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते. तू गेलास आणि तुझी जागा तिनं घेतली.

तेरावा उरकला. मधल्या पाळ्यांना किल्ली घ्यायला-द्यायला प्रकाश यायचा, तोही पुण्याला गेला. वहिनी काही त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. परवा पाळी तुमच्याकडं जायचा दिवस होता. मी आठला विहिरीवर गेलो. वाटलं, आता किल्ली कुणाच्या हातात द्यायची? तर इंदूवहिनी बांधावरून येताना दिसल्या. पायात तुझे बूट. काट्याकुट्याचं रान, दुसरं काही सापडलं नसेल. ढगळ बूट फटक-फटक वाजवत आल्या आणि हात पुढं केला.

मी किल्ली दिली. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्यांचं ऱ्हाऊ द्या. मला तर सांगा त्यो शब्द. इतकी वर्सं त्यापायी माझं डोकं खाल्लंय त्यांनी."

वहिनींनी कधी एबीसीडी गिरवलेली नाही. तरी सांगितला. हणमंता, कान झाक परत. रोम, ओढा, दोन रानं, दोन भांडणारे, पहाऱ्यावरचा जोडीदार, सगळं. आणि सुरी हातात आहे म्हटल्यावर दुसराही सांगितला, पाणी वळवून नेणारा. आता उघड. त्या विहिरीकडं बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच व्हय? आवं, ह्याला इंग्रजी कशाला पायजे? लांबच्या माणसाशी कोण भांडतंय का कवा?"

मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

त्या चालायला लागल्या, चार पावलं गेल्या आणि मागं वळल्या. "मास्तर, पयला सांगायचा तर सांगा त्यांना. दुसरा नगा सांगू. त्यो त्यांना लागंल."

हणमंता, इतकी वर्षं धार लावून ठेवलेला शब्द होता तो. तुझ्या बायकोनं एका वाक्यात तो माझ्या हातातून काढून घेतला. मी तिथंच विहिरीच्या काठावर बसलो आणि रडलो, मोठ्यानं, लाज न बाळगता. शिवारात कोण होतं बघायला!

तेव्हा आता ऐक. दुसरा शब्द मी तुझ्यापुढं कधी उच्चारणार नाही. पण पहिला तुला असाच फुकट मिळेल ह्या भ्रमात राहू नकोस. मंगलच्या बागेचं पाणी तू वळवलंस हे तुला तुझ्या तोंडानं म्हणावं लागेल. कसं म्हणायचं ते तू बघ, मेल्यावर तुला वेळच वेळ आहे. पाळी परवा बदलते. मी आठला विहिरीवर आहे.